घरचं निरांजन

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत आधी पेढे येतात आणि मग भांडणं. मंडप कोणाचा, पाहुणे कोण, नाश्त्याला वडे की उपमा. मुरबाडमधली ही मुलींची शाळा. मी इथे मराठी शिकवते, दहावीचा वर्ग माझ्याकडे असतो, आणि माझा स्वभाव खडूस आहे असं सगळ्या स्टाफरूमचं एकमत आहे. ते खोटं नाही, त्यामुळे मी कधी वाद घालत बसले नाही.

यंदाचा निकाल मात्र असा लागला की मीसुद्धा दोन दिवस कोणावर खेकसले नाही. वर्गातली एकही पोरगी नापास नाही. बाजारात भाजीवालीने थांबवून म्हटलं, "बाई, पोरींनी नाव काढलं तुमचं." आता यातल्या निम्म्या पोरी माळशेजच्या रस्त्यावरच्या गावांतून येतात. एसटी चुकली तर टमटम, आणि तीही नाही मिळाली तर पायी, भिजलेल्या दप्तरानिशी पहिल्या तासाला दारात उभ्या. एकीने वर्षभर धाकट्या भावंडांचं सगळं करून अभ्यास केला. एक जण खो-खो खेळता खेळता जिल्ह्यापर्यंत जाऊन आली आणि परत येऊन तितक्याच जोरात इतिहास पाठ करायला बसली. एक तर गणिताला अशी घाबरायची की फळ्याजवळ बोलावलं की तिला हमखास तहान लागायची. तिला गणितात जे मार्क पडले ते बघून गणिताच्या सरांनी स्वतःच्या खिशातून पेढे आणले. सर तसे चिकट आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तर अशा पोरींचा गुणगौरव पुढच्या शनिवारी थाटात करायचा हे ठरलंच होतं. सभेत मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हार, शाल, नारळ हे सगळं पाहुण्यांना. पोरींना मात्र त्यांच्या आयांनी ओवाळायचं, स्टेजवर, सगळ्यांसमोर. प्रत्येक आईने घरचं निरांजन आणायचं. पोरींच्या यशात आयांचा वाटा मोठा, तो दिसला पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, "किती छान सुचलं हो."

मी लगेच म्हटलं, "नको."

"का हो?"

खरं कारण चहाचे कप फिरत असताना दहा जणांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "उगाच धूर होतो. वरचे पंखे लागतात, दिवे विझतात, परत पेटवत बसा." सगळे हसले. खडूस बाईला धुराचाही त्रास, एवढाच अर्थ निघाला आणि विषय पुढे सरकला.

खरं कारण शहापूरचं होतं.

मी शहापूरच्या एका कन्याशाळेत शिकले. आमचं गाव डोळखांबच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. रोज एसटीने यायचं, एसटीने जायचं. मी सहावीत असताना बाबा गेले. मग घरी आई, मी आणि एक गाय. शेजारी काकांचं घर होतं, भात पेरायला आणि कापायला त्यांचे हात मिळायचे, बाकी सगळं आईच्या अंगावर. ती फार बोलायची नाही. मला अभ्यासाला बस असंही तिने कधी म्हटलं नाही. मी पुस्तक उघडलं की ती फक्त चुलीपुढची तिची जागा बदलायची, म्हणजे उजेड माझ्याकडे यायचा. वीज होती आमच्याकडे, पण ती असून नसल्यासारखी.

दहावीला मी शाळेत पहिली आले. आमच्या शाळेतही तेव्हा हीच पद्धत होती. आईने मुलीला ओवाळायचं, निरांजन घरून आणायचं. आणि नावं पुकारायची ती खालून वर, पहिली आलेली सगळ्यात शेवटी, म्हणजे टाळ्या शेवटपर्यंत टिकतात. आदल्या दिवशी आईने आमचं पितळेचं निरांजन चिंचेने घासलं, मग राखेने घासलं, मग उजेडात धरून परत चिंचेने घासलं. कापूस पिंजून फुलवाती वळल्या. गाईचं तूप कढवून त्यात भिजवल्या आणि सगळं एका डब्यात बसवलं. मी बाजूला बसून बघत होते. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं होतं, ते मला दिसत होतं. काकांच्या मुलीची हळद लागली तेव्हा सगळ्या बायका अंगणात आणि आई मागच्या दारी भांड्यांच्या ढिगात, हेही मी पाहिलं होतं. पण ते गावात. शाळेत असलं काही नसतं अशी माझी पक्की समजूत होती. गावात ग्रहण राहू-केतूमुळे लागायचं आणि शाळेत सावलीमुळे. मी दोन्ही मुकाट मान्य करून दोन्हीकडे पहिला नंबर काढत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी आई तिची त्यातल्या त्यात बरी साडी नेसून आली. पेरणीचे दिवस होते. नखांत माती होती, ती तिने बसमध्ये बसल्या बसल्या केसातल्या पिनेने काढली. हॉलमध्ये इतर आया पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मी म्हटलं, पुढे बस ना. ती म्हणाली, "हितं वारा हाय."

नावं सुरू झाली. पहिल्या-पहिल्या आया इतक्या घाबरलेल्या की एकीने पेढा मुलीला द्यायच्या ऐवजी स्वतःच्याच तोंडात घातला. एकीने उलटं ओवाळलं, मग "थांबा, थांबा" म्हणून परत सुलटं ओवाळलं. सगळा हॉल हसत होता आणि त्या आयाही हसत होत्या. मी पोरींच्या रांगेत बसून माझी पाळी मोजत होते. अर्ध्यावर नावं झाली असतील, तेव्हा आई भिंतीच्या कडेकडेने पुढे आली आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"मी निंगते गो," ती म्हणाली. "बस जाईल. गाईचं बघायचंय. तू पोरींसंगं मागच्या बसनी ये."

"आई, माझं नाव शेवटी हाय."

"माहीत हाय मला. कोनाकडून तरी ओवाळून घे. वाती भिजवूनच ठेवल्यात."

आणि ती गेली. मला काही सुचायच्या आत दारातून तिची पाठ बाहेर पडली.

माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या फार वाजल्या. बाई माईकवरून म्हणाल्या, "आई कुठे आहेत? आईंनी पुढे यावं." मी डबा घेऊन उभी. आयांच्या रांगेतली एक जण उठली आणि बाईंच्या कानाशी लागली. बाई "बरं, बरं" म्हणाल्या आणि पाहुण्यांच्या बायकोकडे वळल्या. पाहुणे भातसानगरला राहणारे साहेब होते, धरणावरचे. त्यांची बायको खरंच चांगली होती. ती लगेच उठली, स्वतः काडी ओढली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. निरांजन बघून म्हणाली, "किती लखलखीत ठेवलंय." मला ओवाळलं, पेढा भरवला, वर एक पेनही दिलं. त्याचा फोटो आहे माझ्याकडे. मी हसते आहे, निरांजन पेटलेलं आहे, आणि फोटोत कडेने एक हात आला आहे, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचा.

हसत होते, पण अंगाचा नुसता भडका उडाला होता. त्या गाईवर उडाला होता, बसवर उडाला होता, आणि सगळ्यात जास्त आईवर. एवढं घासूनपुसून निरांजन आणायचं आणि नेमक्या वेळेला गाय आठवायची.

कार्यक्रम संपल्यावर मी पहिल्या नंबरची ढाल काखेत मारली आणि तणतणत स्टँडवर गेले. स्टँड शाळेला लागूनच. बघते तर आई बाकावर बसलेली. पिशवी मांडीवर, नजर शाळेच्या रस्त्याकडे. मला बघून ती झटकन उठली. मग माझ्या हातातली ढाल बघितली आणि परत बसली.

"तू गेली नाय?" मी म्हटलं.

"बसच नाय आली."

शेजारी चणेवाला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला, "आली की मावशे. आली नि गेली बी. तुमीच उठला नाय."

आईने पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघायला लागली. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. डबा माझ्या मांडीवर होता, अजून थोडा कोमट. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "कोनी ओवाळलं?"

"साहेबांच्या बायकोने."

"बरं झालं." मग थोड्या वेळाने, "वात पेटली ना नीट?"

"पेटली."

"तूप जास्त घातलंवतं मी. मधीच इझू नये म्हनून."

आठ-दहा दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती मागे लागली नाही. नंतर तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी कॉलेजला गेले, शिक्षिका झाले, लग्न करून मुरबाडला आले. वय वाढलं तसा मी त्या दिवसाचा माझा अर्थ लावून टाकला. आईला लोकांसमोर ओवाळायचं नव्हतं, लोक काय म्हणतील याला ती घाबरली, म्हणून पळाली. गाय हे निमित्त. बस तिने सोडली कारण घाई मुळात नव्हतीच. मला तिची दया यायची आणि दयेच्या खाली तो जुना रागही थोडा शिल्लक असायचा. तू आईच होतीस ना माझी, मग राहायचंस की उभी. असं मी मनात तिला कितीदा तरी सुनावलं आहे.

म्हणून यंदा सभेत माझ्या तोंडून आधी 'नको' निघालं.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी ती खो-खोवाली पोरगी माझ्याकडे आली. एरवी ही मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलते. त्या दिवशी टेबलाच्या कोपऱ्याला नख लावत उभी राहिली.

"बाई, माझी आई नाय येनार."

"का?"

"तिला टाइम नाय. आमचं दुकान असतंय ना वैशाखऱ्याच्या पुढं, रोडला. शनिवारी घाटात गिऱ्हाईक जातात."

"दुकान एक दिवस बंद ठेव म्हणावं."

"नाय होत बाई." आणि मग पुढचं तिने जमिनीकडे बघत म्हटलं, "मी आजीला आनली तरी चालंल ना? नायतर कोनी पन ओवाळू दे. आई निरांजन देनार हाय."

निरांजन देणार आहे म्हणे. मी ताडकन उठले. पोरगी दचकून मागे सरली, तिला वाटलं मी तिलाच ओरडणार. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर टेम्पोखाली गेले होते. शाळेतून आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हा, पण बायकांच्या गर्दीत तिची आई मला नीट दिसलीही नव्हती. सगळ्या स्टाफला ते माहीत होतं, मोठ्या बाईंनाही. आणि तरीही सभेत कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्या एकटीच्या लक्षात आलं, तिने धुराचं कारण सांगितलं.

रविवारी मी वैशाखऱ्याची बस पकडली. रस्त्याच्या कडेला निळ्या प्लास्टिकखाली त्यांचं दुकान. एका बाजूला चहा, एका बाजूला शेगडीवर मक्याची कणसं. घाटात भिजायला आलेल्या गाड्या थांबत होत्या, पोरंपोरी उतरून फोटो काढत होती. पोरीची आई कणसं भाजत होती आणि तिची सासू खाली बसून सोलून देत होती. पोरीच्या आईकडे नीट बघितलं आणि मला जरा चमकायला झालं. ती माझ्याच वयाची होती. मी आपली मनात एक म्हातारी, थकलेली बाई धरून आले होते.

"या बाई, बसा. चहा घ्या," ती म्हणाली.

"चहा घेते. पण शनिवारी तुम्ही यायचं."

"दुकान असतंय ना बाई."

"दुकान सासूबाई बघतील."

"मी बघंन की," सासू खालून म्हणाली.

आता कारण उरलं नाही. तिने एक कणीस उलटलं, दुसरं उलटलं. गिऱ्हाइकाला मीठ-लिंबू लावून दिलं. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "तुमाला माहीतच हाय ना बाई."

"लोकांचं म्हणताय? लोकांना मी बघते." माझं भाषण तयार होतं. लोक काय म्हणतात, लोकांना काय कळतं, कोणत्या शतकात राहतो आपण. येताना बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं.

"लोकांचं नाय वो. लोक काय, बोलतात नि जातात." तिने पदराने कपाळ पुसलं. "पोरीचं आता कुठं चांगलं व्हायला लागलंय. पोलिसात जायचं बोलते. माझ्या हातानं काय वाकडं झालं तर? मी लांब असलेली बरी. निरांजन देते ना मी."

भाषण होतं तिथेच राहिलं. ती लोकांना भीत असेल असं मी धरून चालले होते. ती भीत होती तिच्या स्वतःच्या हाताला. मला त्या शेगडीच्या धगीत एकदम ते चिंचेने घासलेलं निरांजन दिसलं आणि मधीच विझू नये म्हणून जास्त घातलेलं तूप. मला भडभडून आलं. आणि मला रडू यायला लागलं की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे.

"रोज डबा कोण देतं तिला?" मी म्हटलं.

"मीच."

"डोक्याला तेल कोण लावतं?"

"मी. दुसरं कोन हाय?"

"जिल्ह्याला गेली होती तेव्हा ताप घेऊन आली. कपाळावर पट्ट्या कोणी ठेवल्या?"

तिने शेगडीवरचं कणीस काढून बाजूला ठेवलं.

"मग तेव्हा तोच हात चालला, आणि एका दिव्यापुरता नाही चालत होय?"

मी जरा जास्तच आवाज चढवला असावा, कारण फोटो काढणारी पोरं आमच्याकडे बघायला लागली. तेवढ्यात सासूने मान वर न करता सोललेलं कणीस टोपलीत टाकलं. "माझा पोरगा टेंपोनी गेला," ती म्हणाली. "हिच्या हातानी नाय गेला. जा गो तू. बाई येवढ्या लांबनं आल्यात."

सुनेने तिच्याकडे बघितलं. मी निघाले तेव्हा ती फक्त "बघते" म्हणाली, आणि कणसाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

परत आल्यावर मी मोठ्या बाईंना एकटं गाठून सांगितलं. त्या बराच वेळ हातातला चष्मा पुसत राहिल्या. "मला सुचलंच नाही हो," म्हणाल्या. "चांगलं करायला गेले." मग मला म्हणाल्या, सूत्रसंचालन तुम्हीच करा.

आई त्या आठवड्यात माझ्याकडेच होती. तिचे गुडघे गेले आहेत, मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेत होते. मी म्हटलं, घरात बसून काय करतेस, चल शाळेत, पोरी बघ माझ्या. ती आली आणि या वेळी मी तिला शेवटच्या रांगेत बसू दिलं नाही. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवली.

कार्यक्रम चांगला रंगला. गणिताला तहान लागणाऱ्या पोरीला ओवाळताना तिच्या आईने स्टेजवरच सरांना वाकून नमस्कार केला, सर लाजून लाल झाले. भावंडं सांभाळणाऱ्या पोरीची सगळी भावंडं आईबरोबर स्टेजवर चढली आणि उतरायला तयार होईनात. मी माईकवर नावं घेत होते आणि डोळ्यांनी हॉल चाळत होते. खो-खोवालीची आई दिसत नव्हती. पोरीचं नाव जवळ आलं. पोरगी उठली, तिच्या हातात तबक होतं, तबकात निरांजन. तेव्हा ती मला दिसली. हॉलच्या दारात, एक पाय आत आणि एक बाहेर, पिशवी छातीशी धरलेली.

मी नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. पोरगी स्टेजवर आली. दारातला पाय काही आत येईना.

"आई दारात उभी आहे," मी माईकवर म्हटलं. "ती वर आल्याशिवाय मी पुढचं नाव घेणार नाही. आपल्याला काही घाई नाही."

टाळ्या थांबल्या, सगळ्या माना मागे वळल्या. मागून एक म्हातारा आवाज आला, "आता काय, सगळंच चालतं." मी त्या दिशेने असं बघितलं की पुढचं वाक्य आलं नाही. मोठ्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेतल्या एका आईने पाय आवरून वाट केली. मग ती आली, वाटेत दोन खुर्च्यांना अडखळून. तिच्या पावसाने ओल्या बोटांनी काडी पेटेना, तेव्हा आधीच्या नंबरच्या आईने आपलं निरांजन पुढे केलं आणि त्यावर तिचं पेटलं. तिने ओवाळलं. सावकाश, पूर्ण ओवाळलं. मैदानावर कोणाचं न ऐकणारी ती पोरगी नाक ओढत रडत होती. टाळ्या परत सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात.

मी आईकडे बघितलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या दिव्याकडे बघत होती.

खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. काहीतरी फेडल्यासारखं वाटत होतं. सगळं आवरून आम्ही दोघी शाळेच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. आई फाटकाच्या कठड्याला टेकली होती.

"ती दारातली," ती म्हणाली. "तिला नवरा नाय ना?"

"नाही."

"गळ्यात काय दिसलं नाय, म्हनून इचारलं." मग म्हणाली, "तू बोलावलीस तिला. मायकवरनं."

"हो. नाहीतर ती पळाली असती."

"नाय पळाली असती," आई म्हणाली. "पळायचं असतं तर दारात कशाला थांबली असती?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"मी पन तवा ष्टँडवर तेच बघत होते," ती म्हणाली. "शाळा काय लांब नव्हती. वाटलं, कोन तरी येल बोलवायला. म्हनून तर बस सोडली मी."

मला त्या बाकावरून झटकन उठलेली आई आठवली. ढाल बघून परत बसलेली. इतकी वर्षं मी तिला पळालेली समजत होते. मला तिथे फाटकातच रडू फुटलं आणि या वेळी चिडताही आलं नाही.

"येडी काय तू," ती म्हणाली. "त्यात काय आता."

रिक्षा आली. गुडघा धरून ती आधी चढली, सरकून माझ्यासाठी जागा केली, आणि मी बसले तेव्हा तिने विचारलं की त्या पोरीची आई आता एवढ्या लांब कशी जाणार, तिला बस मिळेल का.